डांबर नव्हे, वर्षे विकत घ्या

रस्त्यांच्या डांबरीकरणाचा विषय स्थानिक सभागृहात आला की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, पैसा कमी पडतो. दुसरी म्हणते, पैसा खाल्ला जातो. मग खड्ड्यांची छायाचित्रे फडकतात, एखाद्या ठेकेदाराला काळ्या यादीत टाकण्याची मागणी होते, आणि शेवटी दोन गोष्टींवर सगळ्यांचे एकमत होते: सर्वांत वाईट रस्ते आधी करा, आणि काम सर्वांत कमी दराने करणाऱ्याला द्या. मला त्या भांडणापेक्षा या एकमताची काळजी जास्त वाटते. उद्या एका पैचाही भ्रष्टाचार झाला नाही, प्रत्येक अभियंता प्रामाणिक निघाला आणि प्रत्येक ठेकेदार सचोटीचा असला, तरी या दोन नियमांवर आणि वर्षागणिक मंजूर होणाऱ्या निधीवर चालणारी परिषद आपले रस्ते गमावणारच, असे माझे ठाम मत आहे. परिषद आज डांबर विकत घेते: इतके टन, इतके चौरस मीटर, इतकी जाडी. तिने विकत घ्यायला हवीत ती वर्षे. हा पृष्ठभाग किती वर्षे टिकणार, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षाला किती खर्च पडणार? निधी कसा द्यायचा, कुठला रस्ता आधी घ्यायचा, निविदा कशी तोलायची आणि हमी किती मागायची, या सगळ्याची उत्तरे या एका प्रश्नातून निघतात.

रस्ता मरतो कसा, हे या वादात कोणी विचारतच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वरचा काळा थर म्हणजे अख्खा रस्ता नव्हे. तो बराचसा रस्त्याचे छप्पर आहे. भार पेलते ती मुख्यतः खालची खडी आणि तिच्याखालची जमीन, आणि ती कोरडी असेल तोवरच पेलते. जॉन लाउडन मॅकॅडम १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या टोल-रस्त्यांचा सर्वेक्षक झाला तेव्हा त्याचे सांगणे हेच होते: वजन शेवटी माती झेलते, तेव्हा माती कोरडी राखा. त्याच्या रस्त्यांत डांबर नव्हते. एकमेकांत घट्ट बसणारी बारीक फोडलेली खडी आणि पाणी बाजूला नेणारा उतार, एवढ्यावर ते रस्ते चालले. डांबर पुढे आले ते धूळ बसवायला आणि पाणी अडवायला. हे छप्पर ऊन-वाऱ्याने वर्षानुवर्षे कडक होत जाते. त्यातला लवचिकपणा जातो, केसाएवढ्या भेगा पडतात, भेगांतून पाणी उतरते, खालचा थर मऊ पडतो, आणि मग जड चाक वरून गेले की छप्पर खचते. आपल्याला दिसतो तो खड्डा हा या गोष्टीचा शेवट असतो. चाकांचाही हिशेब समजून घ्यायला हवा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी घेतली गेली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा: आसावरचा भार दुप्पट झाला की झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. म्हणजे मोटारींनी रस्ता जवळजवळ झिजत नाही. तो झिजतो बस, कचऱ्याची गाडी आणि बांधकामाचे सामान वाहणारे ट्रक यांनी, आणि पाण्याने.

या झिजेचा वेग एकसारखा नसतो, आणि सगळा हिशेब इथेच फिरतो. पृष्ठभाग आयुष्याचा मोठा भाग बरा दिसतो, नंतर थोड्याच वर्षांत झपाट्याने ढासळतो. ढासळण्याच्या तोंडाशी असताना भेगा भरून वर पातळ सील कोट, म्हणजे पाणी अडवणारा डांबराचा लेप, दिला की छप्पर पुन्हा पाणी अडवू लागते. ती वेळ चुकली की जुना थर खरवडून नवा जाड थर घालावा लागतो. तीही चुकली की खालची खडीच उकरावी लागते. मग ते डांबरीकरण उरत नाही, नवी बांधणी होते, आणि तिचा खर्च पहिल्या उपायाच्या कित्येक पट असतो. दुर्दैव असे, की सर्वांत स्वस्त उपायाची वेळ येते तेव्हा रस्ता चांगला दिसत असतो. कोणी तक्रार करत नाही, कोणी छायाचित्र काढत नाही. ज्या वर्षी पैसा सर्वाधिक काम करील, नेमके त्याच वर्षी तो मागायला कोणी उभे राहत नाही.

'सर्वांत वाईट आधी' हा नियम इथे घात करतो. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. एका परिषदेकडे शंभर किलोमीटर रस्ते आहेत: वीस पार उखडलेले, चाळीस भेगाळू लागलेले, चाळीस ठणठणीत. वर्षाच्या पैशात एक तर चार किलोमीटर मुळापासून नवे होतात, किंवा वीस-पंचवीस किलोमीटरना सील कोट देता येतो. नियम पाळला तर यंदा चार किलोमीटर सुधारतात, आणि तेवढ्यात भेगाळलेल्यांपैकी नऊ किलोमीटर उखडलेल्यांत जाऊन पडतात. पुढच्या वर्षी उखडलेले वीस नाहीत, पंचवीस असतात. परिषद राबते, उद्घाटने होतात, आणि दरवर्षी ती आणखी मागे पडते. याला चोरी म्हणता येईल का? प्रत्येक पै कागदोपत्रीच नव्हे, खरोखर रस्त्यावर खर्च झालेली असते. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांतल्या रस्त्यांचा हिशेब मांडला तेव्हा हेच चित्र दिसले. आधीच्या दोन दशकांत देखभालीअभावी गमावलेल्या रस्त्यांची किंमत बँकेने ४५ अब्ज डॉलर काढली; वेळेवर देखभाल केली असती तर १२ अब्जांच्या आत भागले असते. हा तेहतीस अब्जांचा फरक कोणा एकाने खिशात घातलेला नव्हता. तो उशिराचा दंड होता.

याविरुद्धचा सर्वांत भारी युक्तिवाद न्यायाचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. उखडलेले रस्ते बहुधा कुठे असतात? जिथल्या लोकांचे सभागृहात वजन नाही तिथे. अशा वस्तीला जाऊन 'तुमचा रस्ता मेलेलाच आहे, त्यापेक्षा दुसऱ्यांचा चांगला रस्ता आम्ही चांगला राखतो' असे सांगणे हिशेबाने बरोबर असेल, माणुसकीने चूक आहे. ज्या वाटेने शाळेची मुले आणि रुग्णवाहिका जातात तिथल्या खड्ड्याला कुठल्याही आलेखाची वाट पाहायला लावता येत नाही. शिवाय 'आधी चांगले रस्ते' या सूत्राचा सोयीस्कर वापर करून वर्षानुवर्षे वजनदार वस्त्यांनाच झुकते माप देता येते, हाही धोका खरा आहे. म्हणून वाईट रस्ते सोडून द्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. म्हणणे एवढेच, की दोन्ही कामे एका थैलीतून करू नका. उखडलेला रस्ता हे मागच्या सभागृहांनी करून ठेवलेले देणे आहे. ते फेडायला वेगळी, मुदतबंद तरतूद करा. गरज पडली तर त्यासाठी कर्ज काढा, कारण नवी बांधणी पुढची कित्येक वर्षे वापरली जाणार आहे. तिचा क्रम लावताना वस्तीची उपेक्षा किती वर्षांची आहे याला उघड गुण द्या. पण चालू देखभालीच्या पैशाला हात लावू नका. तो हात लागला की आज नवा केलेला त्या वस्तीचा रस्ताच दहा-बारा वर्षांनी देखभालीवाचून पुन्हा मरतो, आणि ती माणसे पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहतात. आजच्या नियमाने त्यांना एकदा नवा रस्ता मिळतो. टिकणारा रस्ता मिळत नाही.

पैसा किती, याइतकाच पैसा केव्हा, हा प्रश्न मोठा आहे. इतिहासातले एक उदाहरण मला या संदर्भात वारंवार आठवते. अठराव्या शतकात फ्रान्समधले रस्ते वेठबिगारीवर राखले जात. शेतकऱ्यांना साधारणपणे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, फुकट राबायला बोलावत. मधल्या महिन्यांत रस्त्याकडे पाहणारे कोणी नसे. साहजिकच अभियंते रस्ता इतका जाड बांधत, की तो पुढच्या वेठीपर्यंत कसाबसा तग धरील. लिमोझाँ प्रांतात त्युर्गो प्रशासक होता. त्याने वेठीच्या जागी पैशातला कर आणला, आणि तिथला अभियंता पिएर त्रेसागे याला रस्त्यांची निगा सतत राखण्याची व्यवस्था लावता आली. परिणाम काय झाला? त्रेसागेला रस्त्याची जाडी बरीच कमी करता आली. दगड तोच, माती तीच, गाड्या त्याच. फक्त श्रम आणि पैसा लाटेसारखा येण्याऐवजी वर्षभर येऊ लागला, आणि तेवढ्याने रस्ता स्वस्त झाला. १७७५ मध्ये त्रेसागेने ही पद्धत लिहून मांडली. त्युर्गो दरम्यान देशाचा अर्थमंत्री झाला होता. त्याने १७७६ मध्ये वेठ देशभरातून रद्द केली. त्याच वर्षी त्याचे पद गेले, आणि वेठ परत आली. इंग्लंडची कथा याहून लांबलेली आहे. तिथे १५५५ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, रहिवाशांवर वर्षाला चार दिवस, पुढे सहा दिवस, रस्त्याचे काम लादले गेले. ती पद्धत रद्द व्हायला १८३५ साल उजाडले.

आजची वर्षागणिक संपणारी तरतूद या वेठीहून किती वेगळी आहे? अंदाजपत्रक मंजूर होते, मग तांत्रिक मंजुरी, निविदा, फेरनिविदा, कार्यादेश. तोवर वर्ष संपत आलेले असते. पैसा खर्च झाला नाही तर परत जाणार, म्हणून सगळी कामे एकदम निघतात. आसपासच्या सगळ्या परिषदा त्याच महिन्यांत मिश्रण पसरणारे तेच पेव्हर, तेच रोलर आणि तोच मिश्रणाचा प्लांट शोधत असतात, त्यामुळे दर चढतात. हवा ओली असो की गार, काम थांबत नाही. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी. गरम मिश्रण प्लांटमधून साधारण दीडशे अंश सेल्सियसला निघते, आणि ते निवण्याआधी रोलरखाली घट्ट दाबले गेले पाहिजे. निवल्यावर रोलर कितीही फिरवला तरी आत हवेच्या पोकळ्या राहतात, आणि पाणी शिरते ते या पोकळ्यांतून. अभियंत्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: दाबलेल्या थरात सात टक्क्यांच्या वर पोकळी गेली की पुढच्या प्रत्येक टक्क्यामागे थराचे सुमारे दहा टक्के आयुष्य जाते. मी एकदा भुरभुर पावसात वाफाळते डांबर पसरताना पाहिले आहे. मुकादमाला विचारले, तर त्याने सांगितले की बिल याच आठवड्यात लागायला हवे, आज थांबता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती. तो माणूस चोर नव्हता. त्याला बांधून ठेवणारी तारीख चुकीची होती. तीन किंवा पाच वर्षांची सलग तरतूद असती तर त्या दिवशी ते काम झालेच नसते.

मग रस्त्यांचा पैसा कायमचा वेगळा बांधून ठेवावा का? हा प्रयोग जगाने शंभर वर्षांपूर्वीच सुरू केला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९१९ मध्ये रस्त्यांसाठी गॅलनमागे एक सेंट इंधनकर लावला, आणि दहा वर्षांत बाकीच्या राज्यांनी तीच वाट धरली. हिंदुस्थानात १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. मोटारींच्या वर्दळीने रस्त्यांचा भार प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेला आहे, असे या समितीने मांडले, आणि त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर आणि केंद्रीय रस्ते निधी आला. ब्रिटनचा अनुभव मात्र वेगळी दिशा दाखवतो. तिथला रोड फंड १९२० मध्ये उभा राहिला. १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी त्यातला पैसा सर्वसाधारण तिजोरीकडे वळवला, आणि १९३७ पासून वाहनकर आणि रस्ते यांचा थेट संबंधच तुटला. वाहनधारक संतापले, पण चर्चिल यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. कर भरणाऱ्या एका गटाचा त्या कराच्या उत्पन्नावर कायमचा हक्क मानला, तर निवडून आलेल्या सभागृहाने ठरवायचे काय? दवाखान्याला औषधे कमी पडत असताना रस्त्याचा निधी कुलपात का ठेवायचा? मला हा आक्षेप मान्य आहे. लोकांनी निवडलेल्या माणसांचे हात कायमचे बांधणारी तरतूद मी मागत नाही.

पण आक्षेपात एक गृहीत दडले आहे: रस्त्याची देखभाल पुढे ढकलली की पैसा वाचतो. तो वाचत नाही. देखभाल पुढे ढकलणे म्हणजे कर्ज काढणे आहे, तेही कुठल्याही बँकेपेक्षा चढ्या व्याजाने आणि वहीत न लिहिता. दवाखान्यासाठी कर्ज काढायचे तर उघड काढा. त्यावर चर्चा होईल, व्याजदर ठरेल, परतफेडीची मुदत ठरेल. रस्त्याच्या पोटातून काढलेल्या कर्जावर कोणी मतदान केलेले नसते. म्हणून माझी मागणी साधी आहे. परिषदेच्या ताब्यातली बहुधा सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे तिचे रस्ते. यंत्राचा आणि इमारतीचा घसारा आपण ताळेबंदात मांडतो, तसाच रस्त्यांचाही मांडा आणि तो अर्थसंकल्पाच्या भाषणात मोठ्याने वाचा: यंदा आपल्या रस्त्यांची इतकी वर्षे झिजली, त्यांतली इतकी आपण भरून काढली, इतकी तूट राहिली. सभागृहाला तूट ठेवण्याचा अधिकार असू दे. पण ती हात वर करून मंजूर करावी लागली पाहिजे. हे मोजणे अवघड आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने १९७० च्या दशकातच शून्य ते शंभर गुणांची रस्ता-स्थिती मोजण्याची पद्धत तयार केली. भेगांचा प्रकार, लांबी आणि तीव्रता पाहून गुण द्यायचे. प्रशिक्षित माणूस चालत जाऊनही ही पाहणी करू शकतो.

आता ठेक्याकडे वळू. सर्वांत कमी दराच्या पद्धतीबद्दलची तक्रार फार जुनी आहे. किल्लेबांधणीतला थोर फ्रेंच अभियंता व्होबाँ याने १६८३ मध्ये युद्धमंत्री लुव्वा याला पत्र लिहून कळवळून सांगितले होते, की दर पाडून घेण्याच्या या रीतीने जाणती माणसे दूर जातात आणि पुढे येतात ते नडलेले, लबाड आणि अडाणी. कामाची रास्त किंमत द्या आणि शब्द पाळणाऱ्याच्या हाती काम सोपवा. तरीही ती पद्धत आजवर का टिकली? कारण तिच्यामागे खरे कारण आहे. बंद पाकीट आणि किमान दर हा नियम अविश्वासातून जन्मला, आणि तो अविश्वास अनुभवाने आलेला होता. गुणवत्ता पाहून काम द्यायची मोकळीक मिळाली, की अधिकाऱ्याच्या ओळखीचा ठेकेदारच गुणवान ठरण्याची भीती खरी आहे. दर हा आकडा आहे. दोन आकड्यांतला लहान कुठला हे कोणालाही कळते, आणि त्यावर न्यायालयात दाद मागता येते. ही ढाल फेकून द्या म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

आकडा सोडायचा नाही, आकडा बदलायचा. ठेकेदाराने पाकिटात दोन गोष्टी लिहाव्यात: चौरस मीटरमागे किती घेणार, आणि किती वर्षे पृष्ठभागाची जबाबदारी पेलणार. पहिल्याला दुसऱ्याने भागा. एकाने तीन वर्षांच्या हमीवर ९० एकक मागितले आणि दुसऱ्याने सात वर्षांच्या हमीवर १४०, तर पहिल्याचे वर्षाला तीस पडतात, दुसऱ्याचे वीस. आजच्या नियमाने पहिला जिंकतो आणि परिषद हरते. नव्या नियमातही पाकीट बंदच, लहान आकडाच विजयी, ओळखीपाळखीला जागा नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदीविषयक निर्देशाने वस्तूच्या आयुष्यभराचा खर्च पाहून निविदा तोलायची वाट मोकळी केली आहे, म्हणजे ही कल्पना कायद्याच्या भाषेत बसत नाही असे कोणी म्हणू नये. खरी शंका वेगळी आहे. सात वर्षांची हमी देऊन तिसऱ्या वर्षी कंपनी गुंडाळली आणि नव्या नावाने उघडली तर? तर तिच्या शब्दावर हमी ठेवायचीच नाही. बिलाचा ठरलेला हिस्सा परिषदेने अडवून ठेवावा किंवा तेवढ्याची बँक हमी घ्यावी, आणि दरवर्षी पाहणी झाली की त्यातला एकेक हप्ता मोकळा करावा. कंपनी बुडाली तरी दुरुस्तीचा पैसा परिषदेकडे उरतो. यामुळे छोट्या ठेकेदाराचे भांडवल अडकते हे खरे. त्यावर उपाय म्हणजे बिले वेळेवर देणे. परिषदाच महिनोन्‌महिने बिले थकवतात आणि मग ठेकेदार ती जोखीम दरात मिसळतो.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट मराठी वाचकांना नवी नाही. १९७०च्या दशकात 'रेकॉन्डो' कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केलेला हा रस्ता हमी संपल्यानंतरही कित्येक वर्षे टिकला. ती बहुधा सचोटीच्या माणसांची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. पण मला तिच्यातला 'दहा वर्षे' हा शब्द जास्त बोलका वाटतो. ज्याला आपलेच काम दहा वर्षे सांभाळायचे आहे तो खडी निवडताना, पाण्याचा उतार देताना, खालच्या थरावर टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ लेप, नीट बसला की नाही हे पाहताना वेगळा वागतो. सचोटीची माणसे मिळण्याची वाट पाहत बसता येत नाही. दहा वर्षांची अट मात्र निविदेत लिहिता येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधणीच्या ठेक्यालाच पाच वर्षांची देखभाल जोडलेली असते. अर्जेंटिनाने १९९० च्या दशकात रस्ता दुरुस्त करणे आणि पुढची काही वर्षे तो ठरलेल्या स्थितीत राखणे हे एकाच करारात बांधले. दिशा एकच आहे: जो डांबर टाकतो त्यालाच उद्याचा खड्डा बुजवावा लागला पाहिजे.

हमी लांबवा म्हणजे करार अजस्र करा असे मात्र नव्हे, आणि इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी माझा वाद आहे. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने २०१० मध्ये आपले सगळे रस्ते एका कंपनीला २५ वर्षांसाठी दिले. कुठली दुरुस्ती करारात बसते यावर वर्षानुवर्षे न्यायालयात भांडण चालले, आणि २०१९ मध्ये कंपनीने २१.५ कोटी पौंड देऊन करारातून बाहेर पडायचे मान्य केले. शेफील्डमध्ये २०१२ पासून अशाच २५ वर्षांच्या कराराखाली रस्ते आणि पदपथ सुधारताना हजारो झाडे तोडली गेली. रहिवासी झाडांपुढे उभे राहिले, त्यांना अटकाही झाल्या, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशीच्या अहवालाने परिषदेच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. या दोन्ही ठिकाणी जबाबदारी लांब मुदतीची होती. मग माझा सिद्धांत का कोसळला? माझ्या मते एका कंपनीच्या हाती सगळे शहर दिले की दुसऱ्याशी तुलना करायला काही उरत नाही, आणि पंचवीस वर्षांत गरजा बदलतात तशी कराराची कलमे बदलत नाहीत. पाच ते दहा वर्षांची हमी, शहराचे चार-सहा वेगळे भाग, आणि प्रत्येक भागाला वेगळा ठेकेदार, ही मर्यादा मला शहाणपणाची वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट मोजणाऱ्या माणसाची आहे. मॅकॅडमने सहा औंसांहून जड दगड रस्त्यात चालणार नाही असा नियम घातला, आणि सर्वेक्षकांनी तराजू घेऊन ढिगातले दगड तोलावेत अशी व्यवस्था केली. आज तराजूच्या जागी कोअर काढण्याचे यंत्र आहे: घातलेल्या थरातून नळकांड्यासारखा तुकडा काढायचा, जाडी मोजायची, पोकळी तपासायची. हा तुकडा कुठून काढायचा हे ठेकेदाराने ठरवायचे नाही, आणि ठेकेदाराने नेमलेल्या सल्लागारानेही नाही. पण खर्चकपातीत परिषदा आधी काय कमी करतात? आपले अभियंते आणि आपली प्रयोगशाळा. मोजता न येणारा ग्राहक कितीही चांगला करार करून काय मिळवणार?

आणि खोदाई. नव्या पृष्ठभागावर सहा महिन्यांत केबलसाठी किंवा नळासाठी चर पडला, की सात वर्षांची हमी तिथेच संपते. ठेकेदार म्हणतो चर दुसऱ्याचा, चर खोदणारा म्हणतो रस्ता दुसऱ्याचा. दोघेही बरोबर असतात. डांबरीकरणाची यादी दोन वर्षे आधी जाहीर केली तर पाणी, वीज, गॅस, इंटरनेटवाले आपापली कामे आधी उरकू शकतात, आणि त्यानंतर हमीच्या काळात आणीबाणीखेरीज खोदाईला परवानगी नाही असे सांगता येते. एकाच वर्षाची तरतूद असलेली परिषद दोन वर्षे आधीची यादी देणार कशी? पुन्हा त्याच गाठीपाशी येतो.

भ्रष्टाचार आहे, आणि त्यावर चिडणाऱ्यांना मी शांत राहा असे सांगणार नाही. थराची जाडी एक सेंटिमीटरने मारली तर ती रस्ता वापरणाऱ्या प्रत्येकाची लूट आहे. पण आजच्या पद्धतीत ती लूट उघड कधी होते? बिल निघून गेलेले असते, ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करण्याचा एक-दोन वर्षांचा 'दोष दायित्व कालावधी' उलटलेला असतो, आणि रस्ता फुटतो तेव्हा पावसाला, वर्दळीला, खोदाईला दोष देता येतो. सात वर्षांचे पैसे अडकलेले असतील तर चोरलेला सेंटिमीटर चौथ्या वर्षी त्याच माणसाच्या हप्त्यातून वसूल होतो. चोर पकडण्याची मागणी करणाऱ्यांनीच म्हणूनच हमीची मुदत आणि अडवलेला पैसा यांवर बोलायला हवे. काळी यादी तेवढे काम करत नाही, कारण कंपनीचे नाव बदलायला फार वेळ लागत नाही.

पुढच्या अर्थसंकल्पी सभेआधी प्रत्येक सदस्याने आणि नागरिकाने प्रशासनाकडे एक यादी मागावी. प्रत्येक रस्त्यापुढे चार रकाने: पृष्ठभाग शेवटचा केव्हा घातला, तो किती वर्षे टिकणे अपेक्षित होते, हमी कोणत्या तारखेला संपते, आणि ठेकेदाराची किती रक्कम अजून आपल्याकडे अडकलेली आहे. बऱ्याच रस्त्यांपुढे पहिलाच रकाना कोरा निघेल. त्या रस्त्यांवर यंत्र पाठवा, कोअर काढा, थर मोजा, आणि झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या जुन्या मोजमाप पुस्तिकांतून तारीख शोधून तिथे लिहा.